दोन ते चार, वेळ संपली

पनवेलात दुपारी दोन ते चार जग थांबायचं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. मी ते या डोळ्यांनी पाहिलंय. दोन वाजले की लोडशेडिंग सुरू व्हायचं. पंखा तीन उसासे टाकून थांबायचा. खालच्या गल्लीतला रिक्षावाला मागच्या सीटवर पाय दुमडून झोपी जायचा. तळ्यातल्या जलपर्णीवर एक बगळा एका पायावर उभा राहायचा, तो चार वाजेपर्यंत दुसरा पाय खाली टेकवायचा नाही. एका मे महिन्यात तर माझ्या चहाची वाफ वर जायचा कंटाळा करून कपाच्या काठावरच बसून राहिली होती. चार वाजता वीज आली तशी उठून गेली.

ही दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. त्या थांबलेल्या जगाच्या मधोमध, बाजारातल्या एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझा कॉम्प्युटर क्लास होता, आणि क्लासातल्या कोपऱ्यातल्या टेबलाखाली माझं साम्राज्य होतं. साम्राज्य म्हणजे प्रोग्रामिंगच्या सरावाची साइट. मी त्यावर गणितं टाकायचो. लोकांनी आपापल्या घरी बसून ती सोडवणारा प्रोग्राम लिहायचा आणि पाठवायचा. तो माझ्या मशीनच्या दारात रांगेत उभा राहायचा. मशीन एकेकाला आत घेऊन चालवून बघायचं आणि निकाल सांगायचं: बरोबर, चुकलं, किंवा वेळ संपली. उत्तर बरोबर असून भागत नसे, ते दोन सेकंदांत यावं लागे. सभासद किती, असं कोणी विचारलं तर मी दहा हजार सांगायचो. खरे एकशे चाळीस होते. त्यातले साठ मीच, वेगवेगळ्या नावांनी.

सुरुवातीला भाषा दोनच, सी आणि सी प्लस प्लस. आणि पहिल्याच दिवशी साम्राज्य बुडायची वेळ आली. आमच्याकडच्या प्रत्येक क्लासात तेव्हा एक रीत होती. प्रोग्राम लिहिला की सुरुवातीला पडदा पुसायची ओळ आणि शेवटी ‘कुणी कळ दाबेपर्यंत थांब’ ही ओळ. का, ते कोणी विचारायचं नाही. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवतात तसं. घरी ते ठीक होतं, माणूस उत्तर वाचून कळ दाबायचा. माझ्या मशीनसमोर माणूस कुठला? पहिला प्रोग्राम आला, गणित सोडवून मोकळा झाला आणि कोणीतरी कळ दाबेल म्हणून वाट बघत उभा राहिला. त्याच्या मागे सत्तावन्न. न्हावा शेवाच्या रस्त्यावर ट्रेलरची लागते तशी रांग. तीन दिवस मी खुर्चीत बसून कळ दाबली. जेवताना डाव्या हाताने दाबली. चौथ्या दिवशी कळीवरचं अक्षर पुसलं गेलं, पाचव्या दिवशी माझ्या अंगठ्यावरच्या रेषा. पुढे एका कचेरीत अंगठा लावायला गेलो तर नुसता शाईचा गोळा उमटला. कारकून म्हणाला, आधी माणूस आहात याचा दाखला आणा.

मग मी एक छोटी कात्री लिहिली. ती ओळ दिसली की कापायची. साइटची ती पहिली सुधारणा.

दुसरी सुधारणा दादांची. दादा उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले. मिठागरं गेली आणि ते बंदराच्या यार्डात एका केबिनमध्ये बसून कुठला कंटेनर कुठे आहे ते सांगायच्या नोकरीला लागले. चाळिशीत माझ्याकडे सी शिकले आणि त्यानंतर माझ्याशिवाय सगळ्यांना हरवू लागले. यादीत पहिला नंबर माझा असायचा. गणितं काढणारा पहिला, यात मला काही गैर वाटत नव्हतं. दादांना वाटायचं.

एकदा ते क्लासात आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, तुमचा मशीन आमाला सांगतो, ‘आपले उत्तर चुकीचे आहे.’ कोन बोलतो असा? तहसीलदार?”

“मग काय सांगायला हवं?”

“‘नाय जमला. परत ये.’ येवडाच.”

मी निकालांसाठी दोन पर्याय ठेवले, शहरची बोली आणि गावची बोली. पंधरा दिवसांत निम्मं पनवेल गावच्या बोलीवर गेलं. वेळ संपली की मशीन म्हणायचं, ‘कवाशी येतंस? जा आता.’ लोक मुद्दाम चुकायला लागले, ते वाचायला.

तिसरी सुधारणा सर्वांत हुशारीची, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. दुपारी वीज गेली की मशीन बंद, रांग बंद. यूपीएस लावला तर तो पंधरा मिनिटं टुकटुक करून मान टाकायचा. तेव्हा मला सुचलं की पडद्याला तडा गेलेला एक लॅपटॉप आणावा आणि त्यालाच परीक्षक करावं. त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी. वीज गेली तरी तीन तास ढिम्म. इंटरनेटचा डबा खालच्या चाचांच्या इन्व्हर्टरवर. चाचा म्हणजे इमारतीचे मालक, खाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान, दाढी मेंदीने रंगवलेली. मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या साइट बंद पडतात आणि पनवेलची पडत नाही, हे मी त्या वर्षी किमान चारशे लोकांना ऐकवलं. काहींना दोनदा.

लॅपटॉप आल्यापासून दुपारी मला काही कामच उरलं नाही. मी विद्यार्थ्यांच्या बाकावर आडवा व्हायचो. खिडकीतून तळ्याचा उजेड यायचा आणि छतावर हलायचा. मशीनचा छोटा पंखा टेबलाखाली झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरायचा. जाग आणि झोप यांच्यामधला तो पट्टा फार रुंद असायचा, आणि त्या पट्ट्यात भाषा माझ्या क्लासात येऊन बसायच्या. सी म्हणजे उघड्या अंगाचा काटक म्हातारा, गाठोडं पाठीवर टाकून पळणारा, ठेच लागली तर स्वतःचंच घर पाडणारा. सी प्लस प्लस त्याचा शिकलेला मुलगा, बापाचंच गाठोडं पण त्याला चाकं लावलेली. पुढे मी जावा ठेवली. ती कचेरीतल्या हेडक्लार्कसारखी यायची, नमस्कार म्हणायलाही आधी तीन फॉर्म भरायची. तिघं बाकांवर बसून काही बोलत नसत. नुसती छतावरचा उजेड बघायची. मीही बघायचो.

अशाच एका दुपारी कामोठ्याच्या मॅडम आल्या. पस्तिशीच्या असाव्यात. खांद्याला कापडी पिशवी, हातात स्पायरल बांधलेली झेरॉक्सची जाडजूड वही. कामोठ्यात शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या.

“सर, तुमच्या यादीत पायथन नाही.”

“मॅडम, तीन भाषा आहेत. माणसाला एक पुरते.”

“मला एकच येते. तीच तुमच्या यादीत नाही.”

मी विनोद केला. “अहो, नावातच अजगर आहे. गिळतो आणि पडून राहतो. इथे शर्यत असते.”

“पडून राहतो, पण पोट भरतं ना त्याचं,” त्या म्हणाल्या आणि वही उघडून माझ्यापुढे ठेवली. फळ्यावर लिहावं तसं स्वच्छ, मोकळं लिहिलेलं होतं. महिरपी कंस नाहीत, अर्धविराम नाहीत. मला ते जरा उघडंवाघडं वाटलं. पण रात्रभर, म्हणजे खरं तर पाच मिनिटं, विचार करून मी पायथन ठेवलं. वेळ सगळ्यांना सारखा, दोन सेकंद.

मॅडम सुटल्या. सोपी गणितं, मग मधली, मग ‘कर्नाळा’. कर्नाळा म्हणजे आमची सर्वांत अवघड बारा गणितं. नाव किल्ल्याचं, कारण त्याच्या सुळक्याकडे खालून बघून माणूस जशी परतीची बस विचारतो, तशी ही गणितं वाचून लोक साइट बंद करायचे. बारा पुरी केलेले आम्ही चौघंच, सगळे सी आणि सी प्लस प्लसवाले. मॅडमनी नऊ केली, नावापुढे नऊ हिरव्या खुणा आल्या, आणि तिथे अडल्या. उरलेल्या तीनवर एकच निकाल: वेळ संपली. त्या लिहायच्या, पाठवायच्या, वेळ संपली. बदलायच्या, पाठवायच्या, वेळ संपली.

त्यांनी साइटच्या चर्चेच्या पानावर विचारलं, ‘पायथनला थोडा जास्त वेळ देता येईल का? घरच्या मशीनवर माझं उत्तर वेळेत येतं.’

मी सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं. घरचं मशीन लाड करतं, आणि अजगरासाठी वेगळी शर्यत ठेवता येत नाही. खाली अकरा जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. त्यातले आठ मीच.

त्यांनी परत विचारलं नाही.

मग एका सोमवारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने बेलापुरात छोटी कंपनी काढली होती. “सर, पायथन येणारा एक माणूस हवाय. तुमच्याकडे कर्नाळा पूर्ण केलेलं कोणी असेल तर नाव द्या. मी परीक्षा घेत नाही, वय बघत नाही, सरळ बसवतो. फक्त शनिवारपर्यंत सांगा.”

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, माझी आठ वर्षांपूर्वी नोकरी होती. मुलगी झाली तेव्हा सोडली. गेल्या वर्षी दोन ठिकाणी जाऊन आले. ती आठ वर्षांची फट दिसली की ते फाइल मिटतात. पाणी देतात आणि मिटतात.” लगेच पुढे म्हणाल्या, “हा फाइल उघडणारच नाही, असं म्हणताय ना?”

“फक्त बारा हिरवी हवीत.”

“शनिवारपर्यंत तीन. करते.”

सोमवारी पाठवलं, वेळ संपली. मंगळवारी चार वेळा, चारही वेळा संपली. बुधवारी साडेतीनला फोन आला. आवाज अगदी शांत होता, मुलांची वही तपासताना असावा तसा.

“सर, नाव देऊ नका. मी विचार केला. भाषा संथ नाही, मीच संथ झालेय. आठ वर्षांत डोक्याला गंज चढतो. तुमचं मशीन खोटं कशाला बोलेल?”

मी “असं काही नसतं हो” असं काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला. मनात मला पटलं होतं. सी शिकायचं सोडून वही घेऊन आल्या, आता भोगा, इतकं पटलं होतं.

गुरुवारी दुपारी मी बाकावर आडवा होतो. दोन वाजून गेलेले. छतावर तळं हलत होतं. डोळे मिटले की रस्ता दिसायचा, न्हावा शेवाकडे जाणारा, उन्हाने पांढरा झालेला. त्यावर माझे सगळे प्रोग्राम ट्रेलर होऊन उभे. एकेक कंटेनरवर एकेक गणित रंगवलेलं. सीचा ट्रेलर भुर्रकन गेला, दादा केबिनमधून हात हलवताहेत. मग एक ट्रेलर आला तो फारच हळू. इतका हळू की त्याच्या चाकांतून गवत उगवत होतं, चाक पुढे सरकलं की गवत वाकायचं आणि परत उभं राहायचं. वर मॅडम बसलेल्या, मांडीवर वही. मी ओरडलो, जोरात हाका की. त्या म्हणाल्या, सर, मी जोरातच हाकतेय. रस्ताच हळू चाललाय.

“मास्तर, सोया हुआ है क्या?” चाचा जिन्यातून वर आले होते, हातात बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन. माझा टेबलफॅन त्यांच्या इन्व्हर्टरवर चालायचा आणि मी त्यांना रोज तक्रार करायचो.

“चाचा, हा पंखा बघा. हवा देतोय की माझी दृष्ट काढतोय?”

“बॅटरीवर चाललाय, भाई. रोज्यातला माणूस दुपारी पळतो काय? काम करतो, पण आपली ताकद जपून. मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत पुरवायची असते ना.” त्यांनी टेबलाखाली वाकून लॅपटॉपवर पंजा ठेवला. “आता ह्यालाच बघ. सकाळी हात लावला तर तवा असतो. आता बघ, गार. हा पण रोज्यातच आहे.”

मी बाकावर उठून बसलो. मग उभा राहिलो. मग टेबलाखाली वाकून मीही हात लावला.

वीज गेली की लॅपटॉप आपली बॅटरी पुरावी म्हणून स्वतःचा वेग निम्मा करतो. हे मला माहीत होतं. मी वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत दोन गुणांना विचारलं होतं.

आणि दोन ते चार या वेळात माझ्या मशीनकडे प्रोग्राम कोण पाठवतं? पनवेलवाल्यांच्या घरी तेव्हा वीजच नाही, ते झोपलेले. दादा ड्युटीवर. कामोठ्यात मात्र वीज असायची. मॅडमची सकाळ घराची, साडेचारपासून रात्रीपर्यंत शिकवण्या. मोकळ्या फक्त दोन ते चार. अख्ख्या साइटवर एक बाई, रोज नेमकी तेव्हाच यायची जेव्हा माझा परीक्षक निम्म्या शुद्धीत असायचा. सोपी गणितं त्यातूनही निभावली. अवघड नाही निभावली.

मी तिचा, म्हणजे मॅडमचा, कालचा एक प्रोग्राम काढला आणि तिथेच चालवला. तीन पूर्णांक तीन सेकंद. वेळ संपली. मग मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो आणि चार वाजायची वाट बघितली. इतकी वाट मी लग्नात मुहूर्ताची बघितली नव्हती. बगळा एका पायावर. रिक्षावाल्याचा पाय दांडीवर. गल्लीत कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, एकेक थेंब मोजता यावा इतकी सावकाश. त्या दोन तासांत माझ्या मिशीचे चार केस पिकले. आरशात बघून मोजले.

चारला ट्यूबलाइट दोनदा डोळे मिचकावून लागली. पंखा फिरला. मी तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, चालवला. एक पूर्णांक सात. बरोबर.

दुसरा. बरोबर.

तिसरा, दोन पूर्णांक पाच. वेळ संपली. पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

आता मी काय केलं ते सांगतो, लपवत नाही. मी साइटवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पायथनच्या सभासदांसाठी मोठी सुधारणा.’ बॅटरीचा उल्लेख नाही. पाच मिनिटांत दादांचा फोन.

“मास्तर, सुधारना म्हंजे काय?”

“दादा, म्हणजे आता मशीन जास्त चांगलं तपासेल.”

“म्हंजे आदी वाईट तपासत होता.”

“तसं नाही.”

“मंग कसा? आमी यार्डात कंटेनर चुकीच्या जाग्यावर ठेवला तर काय लिवतो ठाव हाय? ‘चुकीच्या जाग्यावर ठेवला.’ सुधारना नाय लिवत.” मग जरा खालच्या आवाजात, “ती कामोठ्याची बाई, तिच्यावर तुमी हसला होता. मी पन हसलो होतो. ते चिन्ह मला आता काडता येत नाय. जरा काडा.”

मी ठळक अक्षरं पुसली आणि साध्या अक्षरांत लिहिलं की एक वर्षभर दुपारी दोन ते चार या वेळात आमचं मशीन निम्म्या वेगाने चालत होतं, ही माझी चूक आहे, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या वेळात कोणी काही पाठवू नये. दादांचं हसणं काढलं. माझी आठही काढली. मग रिक्षा करून कामोठ्याला गेलो, कारण हे फोनवर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. समोर जाऊन सांगायचंही नव्हतं, पण रिक्षात बसल्यावर माणूस कुठेतरी पोचतोच.

मॅडमच्या हॉलमध्ये पंधरा मुलं चटईवर बसून अपूर्णांक सोडवत होती. त्या दारात आल्या, हाताला खडू. मी सगळं सांगितलं. रोज्यापासून आठ चिन्हांपर्यंत.  मुलांनी पेन्सिली थांबवल्या होत्या.

“म्हणजे एक वर्ष,” मी म्हणालो.

“एक वर्ष दोन महिने,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, “तिन्ही हिरवी झाली?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. एका कळीचं काम होतं. माझं मशीन, माझी यादी, आणि माझ्यावर तसं कर्जही होतंच त्यांचं. दुसरं कोणी असतं तर मी केलंही असतं. पण त्या हाताला खडू लावून उभ्या होत्या आणि आत पंधरा मुलं अपूर्णांक घेऊन बसली होती.

“दोन झाली. तिसरं नाही. पूर्ण वेगातही अडीच सेकंद घेतं.”

मला वाटलं त्या दार लावतील. त्यांचा चेहरा मात्र सैल झाला, कोणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसा.

“म्हणजे ते माझं आहे.”

“हो.”

“बरं झालं. इतके दिवस कळतच नव्हतं माझं कुठलं आणि बाकीचं कुठलं.” मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “थांबलात का? छेद समान करा आधी.” आणि मला म्हणाल्या, “चहा घेणार असाल तर बसा, पण बोलू नका.”

मी बसलो. बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा पाऊण तास.

शुक्रवारी दुपारी दोनला वीज गेली. परीक्षक मशीन मी अजून हलवलं नव्हतं. चाचांनी नवीन बॅटरीवर थेट जोडून द्यायचं कबूल केलं होतं, पण जुम्याची नमाज झाल्यावर. साइटवर सूचना होती, कोणी काही पाठवू नये. मी बाकावर आडवा झालो. छतावर तळं. सी, सी प्लस प्लस आणि जावा येऊन बसले होते. दाराशी चौथं कोणीतरी उभं होतं, अनवाणी, हातात वही, आत येऊ का असं न विचारता. तिघांनी सरकून जागा केली.

टेबलाखाली मांजर जागं झाल्यासारखा पंखा घुरघुरला.

मी डोळे उघडले. रांगेत एक प्रोग्राम होता. कामोठ्याचा. वेळ दोन वाजून बत्तीस मिनिटं.

मी फोन उचलला. आता नको, चारनंतर पाठवा, असं सांगायला. तेवढ्यात मशीनने तो आत घेतला. रोज्यातला परीक्षक, निम्म्या ताकदीचा. मी पडद्यावर वाकून वाचत गेलो. कालपर्यंत मॅडम मोठ्या यादीत प्रत्येक आकडा पहिल्यापासून शोधत बसायच्या. आज प्रत्येक आकड्याला आपला कप्पा दिला होता, जायचं आणि कप्पा उघडायचा. बस, इतकाच फरक. पण आता पूर्ण वेगाचे अडीच सेकंद नाही, मंद दुपारचे पाच सेकंद दोनच्या आत आणायचे होते.

बगळ्याने पाय खाली टेकवला. हे मी शपथेवर सांगतो, चार वाजायच्या आधी त्याने पाय टेकवलेला मी तेव्हा एकदाच पाहिला.

एक पूर्णांक नऊ.

मॅडम गावच्या बोलीवर होत्या, हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर आलं: ‘जमला रे जमला.’ यादी स्वतःशीच हलली आणि, बरोबरीत ज्याचे प्रोग्राम आखूड तो वर या माझ्याच नियमाने, बारा हिरव्या खुणांसह पहिल्या नंबरवर कामोठे आलं. पायथनमध्ये, निम्म्या वेगात. मी दुसरा. दादा तिसरे, आणि त्यांचा लगेच निरोप: ‘मास्तर, खाली बसायचा अंगवळनी पाडा.’

मी बेलापूरला नाव कळवलं. शनिवारी त्या गेल्या आणि सोमवारपासून कामाला लागल्या. फाइल त्याने मागितलीच नाही म्हणे.

नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, सूचना वाचली नव्हती का, मुद्दाम दुपारीच का पाठवलं. मला वाटत होतं त्या काहीतरी बाणेदार सांगतील आणि मी ते चारशे लोकांना ऐकवीन.

“वाचली होती,” त्या म्हणाल्या. “पण मला वेळ दुपारीच असतो.”

परीक्षक मशीन चाचांनी नीट जोडून दिलं. संथ भाषांना मी दुप्पट वेळ दिला. पानाच्या कोपऱ्यात एक छोटा दिवा काढला, पनवेलात वीज आहे की नाही ते दाखवणारा. त्याच वर्षी मी त्या साठ नावांपैकी एकोणसाठ बंद केली.

आता लोडशेडिंग नाही. दुपारी दोन वाजता पंखा चालूच राहतो, आणि अडीचच्या सुमाराला रांग रिकामी असते. तळ्याचा उजेड छतावर येतो. मी बाकावर आडवा होतो आणि टेबलाखालच्या घुरघुरीकडे कान लावून पडून राहतो.